बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. अहो काका, नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच ना! बंद केलीत की परत चढणार, आणि चढलेलं बऱ्याचदा कळतही नाही, त्यामुळे बंद करायची की कमी ते डॉक्टरांनाच ठरवू दे. मला बीपीची टेल्मिसार्टन ४० (मिलिग्रॅम) ही गोळी आहे, रोज सकाळी, स्ट्रिपवर पेनाने वार लिहून ठेवलेत कारण लोकल पकडायच्या घाईत घेतली की नाही हेच आठवत नाही. एखादी राहिली तर आठवल्यावर घ्यायची, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायची, डबल अजिबात नाही. आणि ते लो सोडियम मीठ, हेल्दी म्हणून सगळे आणतात, त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ती घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणणं हाही तसलाच प्रकार, त्याने बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येतो तो वेगळाच. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने काहींचे पाय सुजतात, तेव्हा घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलून देतात.