रिकामं मनगट

रात्रीचे सव्वाबारा. उद्या लिव्होर्नो बंदर. गजर पावणेसहाचा.

माझ्या टेबलावर जेवायला बसलेल्या काकांच्या नातवाच्या मनगटावर पट्टी नव्हती. सूप ठेवताना लक्षात आलं. आधी डावा हात दिसला, मग पावाला लोणी फासायला त्याने उजवा वर केला तेव्हा तोही बघून घेतला. दोन्ही रिकामे.

आमच्या क्रूझ जहाजावर बारा वर्षांखालचं मूल मस्टरला, म्हणजे संकटात कुठे जमायचं ते दाखवायच्या हजेरीला, आलं की स्टेशनवरच, म्हणजे त्या जमायच्या जागेवरच, त्याच्या हाताला पट्टी बांधतात. तिच्यावर एकच मोठं अक्षर असतं, स्टेशनचं. अलार्म झाला तेव्हा मूल आजीआजोबांजवळच असेल असं थोडंच आहे? ते मुलांच्या क्लबात असेल, पूलवर असेल, आइस्क्रीमच्या रांगेत असेल. जो कोणी क्रू त्याला उचलेल त्याला पोराची भाषा यायची गरज नाही, अक्षर वाचता आलं की झालं. क्लबातली मंडळी मुलांना थेट त्यांच्या स्टेशनवर आणतात. घरच्यांनी शोधायला वर धावायचं नसतं. कारण त्या वेळी जिन्यावरची सगळी गर्दी खाली येत असते आणि एक माणूस उलटा चढायला लागला तरी जिना तुंबतो.

पट्टी नाही म्हणजे तो स्टेशनवर आलाच नाही. म्हणजे आजीही आल्या नाहीत. आणि यादीत तिघांच्याही नावापुढे हिरवी खूण आहे. ती माझ्याच हातून पडली.

काका साडेचारला आले होते, तीन कार्डं घेऊन. माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "मराठी का रे तू? अरे वा!" मग म्हणाले, "ती पडलीय जरा, विमानात डोळ्याला डोळा नाही लागला. नातूही तिथेच झोपलाय. त्यांचं पण करून टाक ना बाळा." मागे चाळीसएक माणसं उभी. मी "हो काका" म्हटलं आणि तिन्ही कार्डं मशीनला लावली. तीनदा टूं वाजलं. एवढंच झालं.

हे मी दुसऱ्या कोणासाठी केलं नसतं. तासाभरापूर्वीच एकजण बायकोचं कार्ड घेऊन आला होता, त्याला मी परत पाठवला. नम्रपणे, पण पाठवला. सात महिन्यांत स्कॅनरसमोर कोणी पहिल्यांदा "बाळा" म्हणालं आणि माझा हात सैल पडला. जे मला सगळ्यात आपले वाटले त्यांनाच मी त्यांची जागा न दाखवता सोडून दिलं. दुपारपासून नाही, सूप ठेवल्यापासून हेच घोळतंय.

आणि आजींची काठी. खुर्चीच्या पाठीला अडकवली होती. त्या स्टेशनवर आल्या असत्या तर काठी तिथेच दिसली असती. ज्यांना जिने उतरायला मदत लागते त्यांची नोंद होऊन ती जहाज सुटण्याआधी कॅप्टनपर्यंत जायला हवी, तसा नियमच आहे. त्या नोंदीवरून ठरतं कोणत्या केबिनकडे दोन माणसं आणि उतरवायची खुर्ची पाठवायची. बुकिंगच्या वेळी फॉर्मात विचारतात, पण आपल्याकडची मोठी माणसं तिथे काही लिहीत नाहीत. "मला काय झालंय?" म्हणतात. म्हणून तर समोर उभं करून बघायचं. मशीन कार्ड बघतं, काठी बघायला माणूस लागतो. तो माणूस मी होतो.

आज बंदर रोमजवळचं चिविताव्हेक्या होतं हे आणखी लागलं. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट याच बंदरातून संध्याकाळी निघाली. जहाजावर ४,२२९ माणसं. चिविताव्हेक्याला चढलेल्या सातशेच्या आसपास प्रवाशांचं मस्टर व्हायचं होतं, ते दुसऱ्या दिवशी ठेवलेलं. नियम मोडला नव्हता कोणी. तेव्हा चढल्यापासून २४ तासांत घेतलं तरी चालायचं. पावणेदहाला, लोक जेवत असताना, जिल्यो बेटाजवळच्या खडकाने तळ फाडला. प्रवाशांना सांगत होते की वीज गेलीय, केबिनमध्ये जा. अलार्म व्हायला पाऊण तासाच्या वर गेला. ३२ माणसं गेली. त्यात एक आपल्या मुंबईचा वेटर. त्याचे अवशेष सगळ्यांच्या शेवटी मिळाले, नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज उभं करून जेनोव्हाला ओढून नेल्यावर. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी मस्टर झालंच पाहिजे. हे सगळं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात, मी नव्या पोरांना सांगतो. त्याच धक्क्यावर उभं राहून मी दोन झोपलेल्या माणसांना हजर केलं.

आज साडेनऊला, गोड वाढायच्या वेळी, खिडकीतून जिल्योचे दिवे दिसले. ट्रे हातात होता.

आकडा खोटा पडला तर पुढे काय काय होतं? खरा अलार्म म्हणजे सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि एक लांब. तो झाला की जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक क्रू उभा राहतो, लिफ्ट बंद. दुसरी टोळी केबिनी तपासते. दार ठोकायचं, उघडायचं, बाथरूम बघायचं, बाल्कनी बघायची, पलंगाच्या पलीकडची फट बघायची (मुलं घाबरली की तिथेच लपतात), मग दारावर तपासल्याची खूण लावून पुढे. स्टेशनवर आम्ही मोजतो. जे लाल राहिले त्यांची नावं ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला, कळवायची, ब्रिज शोधायला माणसं पाठवतो. म्हणजे ही सगळी शोधाशोध लाल नावांच्या मागे चालते. हिरव्याला कोणी शोधत नाही. अलार्मच्या वेळी यादी नव्याने सुरू होते, दुपारचं हिरवं तेव्हा मोजत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सूप वाढून झाल्यावर मी स्वतःला हेच समजावत होतो. पण दुपारी जो चेहरा बघितलाच नाही तो रात्रीच्या गर्दीत मला कसा ओळखू येणार? आणि त्यांना तरी बी स्टेशन कुठे आहे हे कोण सांगणार? काका सांगतील, काका जवळ असले तर.

मला जुनी पद्धतच बरी वाटते, कोणी काही म्हणो. तेव्हा सगळ्यांना एकाच वेळी बोलवायचे. अर्धा तास उन्हात, खांद्याला खांदा लावून, लाइफबोटीच्या खाली. लोक वैतागायचे, लहान मुलं रडायची, पण जिना किती भरतो, दार कुठे अडतं, म्हातारं माणूस तिसऱ्या मजल्यावरून यायला किती वेळ घेतं, हे आम्हाला डोळ्यांनी दिसायचं. साथीनंतर सुट्टं मस्टर आलं. फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, दुपारभरात कधीही स्टेशनवर येऊन कार्ड लावायचं, मोकळं. व्हिडिओ लोक नीट बघतात, रांगेत भांडणं नाहीत, हे खरं आहे. पण गर्दी आता आम्हाला फक्त खऱ्या वेळीच भेटणार. गर्दी काय करते हे रेवस-अलिबागकडच्या घरांना वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली.

लाइफबोटीत बसायची जागा एका माणसाला ४३० मिलिमीटर. जेमतेम दोन विती, त्यात जॅकेट घातलेलं. हिशोब धरलाय माणसाला ७५ किलोचा. सोडा म्हटल्यापासून ३० मिनिटांत सगळ्या बोटी माणसांसकट पाण्यात जायला हव्यात. त्या तीस मिनिटांत काठी शोधायला वेळ नसतो.

मधे तासभर फार वाईट वाटलं. स्वतःचंच. दहा-अकरा तासांची ड्युटी, दुपारच्या सुट्टीत ड्रिल. दर आठवड्याला क्रूचं ड्रिल, तेही पाहुणे किनाऱ्यावर फिरायला गेले की, म्हणजे आमच्या झोपेच्या वेळेला. आई फोनवर काही बोलली नाही, रिपोर्ट आला का तेही मी विचारलं नाही. गणपतीला याही वर्षी. जाऊ दे. एका माणसावर माया केली तर ती पण चूकच निघावी का, असंच वाटत राहिलं. आणि ड्रिल म्हणजे काही फुकटचा त्रास नाही हेही मला कळतं. ड्रिलमध्येही माणसं जातात. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पेनच्या ला पाल्मा बेटाच्या बंदरात सरावातच लाइफबोटीची तार तुटली आणि बोट उलटी पाण्यावर आपटली. पाच क्रू गेले. तार आतून गंजलेली होती. आमचा बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, दर वेळी तारेवर हात फिरवताना तेच म्हणतो, वरून बघू नका, आत बघा.

त्याचं ते वाक्य आठवलं आणि मी बिछान्यातून उठलो. पावणेअकरा वाजले होते. स्टेशन लीडर पर्सरच्या ऑफिसातच होती. तिला सांगितलं, दोन कार्डं माणसांशिवाय लावली. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग यादी उघडली, आजी आणि नातू दोघांना परत लाल केलं, सेफ्टी ऑफिसरला फोन लावला, काठीचंही सांगितलं. खुर्चीच्या टोळीच्या यादीत केबिन नंबर रात्रीच चढला. सकाळी साडेआठला दोघांना स्टेशनवर बोलावलंय. तोवर त्यांचं कार्ड गँगवेला अडेल, किनाऱ्यावर जाता येणार नाही. मला लिहून द्यावं लागेल, वॉर्निंगही मिळेल. मिळू दे. काका रागावतील कदाचित. रागावू देत. लिहून दिल्यावर छाती हलकी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पण आता निदान खरं तेच लिहिलेलं आहे.

मग जॅकेट. केबिनच्या कपाटात मोठ्यांची दोनच असतात, लहान मुलाचं वेगळं मागून घ्यावं लागतं किंवा स्टेशनवर मिळतं. पोरगा वीसेक किलोचा असेल. १५ किलोच्या आत तान्ह्याचं, १५ ते ४३ किलो मुलाचं, त्यापुढे मोठ्यांचं. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर जॅकेट तरंगतं आणि मूल त्यातून खाली सरकतं, म्हणून मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असतो. लोक नेमका तोच लावत नाहीत, पोरं कुरकुर करतात म्हणून. नीट बसलंय का बघायचं तर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर सैल आहे. कमरेचा पट्टा लोंबता ठेवायचा नाही, जिन्यावर मागच्याचा पाय त्यावर पडतो. शिट्टी कुठे आहे ते दाखवायचं आणि एकदा वाजवू द्यायची, मग मूल जॅकेट काढा म्हणत नाही. दिवा पाण्याला लागला की आपोआप पेटतो, त्याला हात लावायचा नाही.

त्यांच्या मजल्याच्या स्टुअर्डला खालून फोन केला. ती मंडळी शोला गेली होती. त्याने मुलाचं जॅकेट नेऊन कपाटात वरच्या फळीवर, मोठ्यांच्या दोनांच्या मधे ठेवलं आणि परत फोन करून सांगितलं. आजच्या रात्रीपुरतं तेवढं तरी आहे.

येताना त्यांच्या दारापासून बी स्टेशनपर्यंत चालून बघितलं. दाराबाहेर उजवीकडे, माझी एकतीस पावलं, आजींची साठ तरी होतील. मग मागचा जिना, तीन मजले खाली. प्रत्येक मजल्याला दोन टप्पे, टप्प्याला दहा पायऱ्या, म्हणजे साठ. मधे एक जड फायर डोअर आहे, ते अलार्मला आपोआप लागतं. आजींना वाटेल बंद झालं, पण हाताने ढकललं की उघडतं. हे सकाळी त्यांना प्रत्यक्ष ढकलायला लावायचं. दिवे गेले तर जमिनीलगतची हिरवी पट्टी धरून चालायचं, ती त्यांच्या दारापासूनच सुरू होते. जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे. काठी डाव्या हातात धरतात त्या, म्हणजे उजव्या बाजूने उतरवायचं.

मनगटपट्टी खिशात आणून ठेवलीय.