आयर्विनला किती फूट?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आठवणी लिहा, असं पत्र हातात पडलं आणि आधी आठवला तो दहावी ‘ब’मधला आलेखाचा फळा, कोपऱ्यात रंग उडालेला. आणि त्यापुढे उभे आमचे बीजगणिताचे सर. स्नेहसंमेलनं, सहली यांवरही लिहायला हवं, पण मन सरांपाशीच अडतं.

जुलै होता. सांगलीत तेव्हा घरोघरी एकच प्रश्न, “आयर्विनला किती फूट?” म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. सरांनी तोच फळ्यावर घेतला. सकाळी आठला २२ फूट, दुपारी दोनला २५. “आठ वाजता एक्स शून्य. रेषेचं समीकरण काढ,” म्हणून मला उठवलं. पाण्याचा फरक मी २५ वजा २२ असा घेतला, तासांचा मात्र ० वजा ६. रेषेचा चढ, म्हणजे तासामागे पाण्यात होणारा बदल, आला उणे एक छेद दोन.

सर रागावले नाहीत. “एक्सच्या जागी सहा घाल.” पाणी आलं १९ फूट. वर्ग हसला, तसं सरांनी सगळ्यांना गप्प केलं. “वर ज्या बिंदूपासून वजाबाकी सुरू केलीस, खालीही त्याच बिंदूपासून कर बाळा.” मग जमलं: वाय बरोबर एक्स भागिले दोन अधिक २२. इशारा पातळी ४० फूट, म्हणजे ३६ तासांनी. “पाणी याच वेगानं चढलं तरच हं. कोयनेतून विसर्ग वाढला की चढ बदलतो, नवे बिंदू घ्यायचे.”

शाळा सुटल्यावर ते मला पुलावर घेऊन गेले. खांबावरची फुटांची खूण दाखवून म्हणाले, “या उभ्या रेषेचा चढ सांग.” एक्समधला फरक शून्य, भागाकारच होईना. उभ्या रेषेला नुसतं ‘एक्स बरोबर अमुक’ का लिहितात, ते मला तिथं कळलं.

आज मी पुण्यात पुलांचे आराखडे करतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये आईला तासातासाला फोन करून आकडे मांडत होतो. चढ वाढतच गेला. पाणी ४५ फुटांची धोका पातळी गाठायच्या आत तिला मिरजेला मावशीकडे हलवलं. घरातली माझी दहावीची वही मात्र गेली, सरांच्या लाल शाईतल्या ‘पुन्हा तपास’सकट. सरही आता नाहीत.

वर्गात आता डिजिटल फळे लागलेत, असं ऐकतो. तो आलेखाचा फळा अडगळीत असेल तर कृपया मोडीत काढू नका. रंगवून द्यायचा खर्च माझ्याकडे.