छत्री गेली, विळा-हातोडा आला

आमच्या गोंदियाकडं दिवाळी झाली की मंडई, म्हणजे जत्रा, भरते अन् रात्री दंडार होते, म्हणजे नाच-गाण्यांचं लोकनाट्य. मी १२ वर्षं दंडारीत नाच्या आहे. लुगडं, घुंगरू, खोटा अंबाडा. दिवसा मास्तर.

हल्ली रात्री मोबाइलवर चीनच्या नाचाचं वाचत बसतो. बायको म्हणते, "तिकडचं काय घेऊन बसलात जी?" कारण एक शब्द : यांगगे. यांग म्हणजे रोप, गे म्हणजे गाणं. म्हणजे आमच्या धान रोवण्याचीच गाणी की! उत्तर चीनच्या कोरड्या मुलखातही हा नाच होताच. कंबर मुरडत चालणारी रांग, पुढं छत्रीवाला म्होरक्या, सोबत सोंगाड्या, बाईचं सोंग घेतलेला बाप्या, चावट बोलणी.

१९४२ च्या मे महिन्यात कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला, त्यांचा नेता माओनं कलावंतांना बजावलं, कला शेतकरी-कामगार-सैनिकांसाठी. पुढच्याच वर्षी नवा यांगगे निघाला. छत्री गेली, विळा-हातोडा आला. चावटपणा छाटला. भाऊ-बहीण पडीक जमीन तोडतात, अशी गोष्ट आली.

हे वाचून मला घामच फुटला. एका वर्षी एक साहेब आले, म्हणाले, दंडारीतून शौचालयाचा प्रचार करा, मानधन देतो. पण सासू-जावयाची मस्करी काढा. काढली. त्या रात्री लोक तंबाखू मळत बसले. हसले ते एकदाच, माझा अंबाडा निसटला तेव्हा.

चीनच्या नर्तकी दाय आयलियान बाई मात्र वेगळ्या. जन्म १९१६, त्रिनिदादचा. लंडनला बॅले शिकल्या, जपानशी लढाई सुरू असताना चीनला आल्या. तिबेटी अन् इतर सीमेवरच्या लोकांचे नाच स्वतः शिकल्या अन् १९४६ ला चुंगकिंग शहरात रंगमंचावर आणले. १९५४ ला बीजिंगची नृत्यशाळा निघाली, त्या पहिल्या मुख्याध्यापिका. तिथं रशियन मास्तर बॅले शिकवायचे. १९६४ ला त्याच बॅलेतून 'लाल महिला तुकडी' ही क्रांतीची नृत्यनाटिका उभी राहिली : पायाच्या बोटांवर उभ्या पोरी, हातात बंदुका. १९७२ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आले, त्यांनाही तोच खेळ दाखवला. मधल्या काळात माओच्या सांस्कृतिक क्रांतीत दाय बाईंना छळ सोसावा लागला. ज्यांनी शाळा उभारली त्यांनाच!

काल मंडळाची बैठक झाली. सासू-जावई यंदा परत येणार. साहेबांचा फोन आला तर बघू. अंबाडा तेवढा नवा घ्यायचा आहे.