तहानलेले बी: प्रेझेंटेशन द्यायला शिकताना आलेला माझा अनुभव

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात आम्हा प्रत्येकाला पंधरा मिनिटांचा सेमिनार द्यावा लागे. बारा मिनिटे बोलायचे आणि उरलेली तीन मिनिटे प्रश्नांसाठी ठेवायची, असा नियम होता. माझा विषय होता खाऱ्या पाण्याचा गव्हाच्या बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम. विषय मीच निवडला होता, प्रयोगही मीच केला होता आणि तीन आठवडे रोज सकाळी प्रयोगशाळेत जाऊन काचेच्या बशांमधल्या अंकुरलेल्या बिया एकेक करून मोजल्या होत्या. त्यामुळे बोलताना अडचण येईल, असे मला वाटलेच नव्हते. मी संपूर्ण भाषण लिहून काढले, ते तोंडपाठ केले आणि त्यातला जवळजवळ सगळा मजकूर बत्तीस स्लाइडवर उतरवला.

अकराव्या स्लाइडवर मला ‘परासरण’, म्हणजे पातळ पडद्यातून जास्त दाट द्रावणाकडे पाणी झिरपणे, हा शब्द आठवेना. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीच्या तोंडी रोज असणारा हा शब्द, पण त्या क्षणी तो गेला आणि त्याच्याबरोबर पुढची सगळी वाक्येही गेली. पाठ केलेल्या मजकुराचा हा धोका मला तोवर ठाऊक नव्हता. त्यात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला बांधलेले असते, आणि एक निसटले की पुढचे हाती लागत नाही. घसा कोरडा पडला, हाताला कापरे सुटले आणि मी पडद्याकडे वळून स्लाइड वाचायला सुरुवात केली ती वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत. तेव्हा मी एकोणिसाव्या स्लाइडवर होते. माझ्या प्रयोगाचे निष्कर्ष चोविसाव्या स्लाइडपासून सुरू होत होते. ज्यासाठी तीन आठवडे घालवले, ते त्या दिवशी कोणी ऐकलेच नाही, याचे दुःख मला शब्द विसरल्याच्या लाजेपेक्षा कितीतरी जास्त झाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला बोलावले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “तुझा सेमिनार ऐकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला उद्या कोणी विचारले, की काल त्या मुलीने काय सांगितले, तर त्याने एका वाक्यात काय उत्तर द्यावे असे तुला वाटते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. विषयाचे नाव मी सांगू शकत होते, पद्धत सांगू शकत होते, आकडे सांगू शकत होते, पण ते एक वाक्य मला सापडत नव्हते. ते सापडायला दोन दिवस लागले. पाण्यात मीठ विरघळले की बीला ते पाणी आत ओढून घेणे अवघड होते. बियांच्या वजनाच्या माझ्या नोंदींवरूनही खाऱ्या पाण्यातल्या बिया कमी पाणी शोषतात, हे स्पष्ट दिसत होते. म्हणून मी वहीत लिहिले: ‘खाऱ्या पाण्यात पडलेले बी तहानलेले राहते.’ हे वाक्य मिळाल्यावर बत्तीसपैकी कोणत्या स्लाइड ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या, याचा निर्णय अर्ध्या तासात झाला. उगवणीची व्याख्या, गव्हाचे वर्गीकरण, आधीच्या संशोधनाची लांबलचक यादी हे सारे गेले. नऊ स्लाइड उरल्या.

त्या नऊ स्लाइडची मांडणीही मला नव्याने शिकावी लागली. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत असे दिसून आले आहे, की चित्र आणि त्याचे तोंडी स्पष्टीकरण एवढेच दिले तर शिकणाऱ्याला ते अधिक चांगले समजते. तेच शब्द पडद्यावरही छापून दाखवले की समज वाढण्याऐवजी कमी होते. हे वाचले तेव्हा पहिल्या सेमिनारमध्ये माझे श्रोते कशातून गेले असतील, ते माझ्या लक्षात आले. मी वाचत होते आणि तेही वाचत होते. डोळ्यांचा वेग जिभेपेक्षा जास्त असल्याने ते माझ्या पुढे निघून जात, आणि मग थांबून माझी वाट पाहत. मी स्लाइडवरचे परिच्छेद काढून टाकले आणि ‘निष्कर्ष’ किंवा ‘चर्चा’ अशा मथळ्यांऐवजी प्रत्येक स्लाइडच्या माथ्यावर ती स्लाइड जे सांगते ते पूर्ण वाक्यात लिहिले. खाली फक्त त्याचा पुरावा ठेवला: एक आलेख किंवा एक छायाचित्र. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सादरीकरण शिकवणारे मायकेल अ‍ॅली हीच पद्धत सुचवतात. अशी स्लाइड बनवणे जास्त कष्टाचे असते, कारण आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे ठरवल्याशिवाय पूर्ण वाक्य लिहिताच येत नाही.

पण सर्वांत मोठा बदल झाला तो वेगळ्याच कारणाने. माझी खोलीतली मैत्रीण इतिहासाची विद्यार्थिनी होती. मी तिला नवे सादरीकरण करून दाखवले. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “तू छान बोलतेस, पण मिलिमोलर म्हणजे काय ते तू सांगितलेच नाहीस, आणि तिथून पुढे मी फक्त तुझ्याकडे बघत होते.” मला खरोखर आश्चर्य वाटले, कारण तो शब्द समजावून सांगावा लागेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

पुढे मला एलिझाबेथ न्यूटन यांच्या प्रयोगाबद्दल वाचायला मिळाले. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करताना त्यांनी काही जणांना सुपरिचित गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली आणि समोरच्याने ते गाणे ओळखायचे, असे ठरवले. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, की निम्म्या वेळा तरी गाणे ओळखले जाईल. प्रत्यक्षात वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात संपूर्ण गाणे सुरू असते, तर ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ‘शंभर मिलिमोलर’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर मिठाची पुडी, तराजू आणि ढवळलेले पाणी असे. मैत्रिणीपर्यंत मात्र टकटकच पोहोचत होती. त्यानंतर मी ते वाक्य बदलून ‘एक लिटर पाण्यात सुमारे सहा ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा भरून’ असे केले. याने विषयाची शास्त्रीयता कमी झाली, असे मला मुळीच वाटत नाही. आकडा तोच राहिला, फक्त आता तो ऐकणाऱ्याला दिसू लागला.

तिच्यामुळेच मी सुरुवातही बदलली. व्याख्येऐवजी मी पहिल्या स्लाइडवर दोन बशांचे छायाचित्र ठेवले. डावीकडच्या बशीत प्रत्येक बीला पांढरी मुळे आणि हिरवा कोंब फुटलेला होता. उजवीकडच्या बशीत बिया तशाच पडून होत्या, किंचित फुगलेल्या, पोटावरची खाच अजून स्पष्ट दिसत होती. दोन्ही बशा एकाच दिवशी लावल्या होत्या, दोन्हींत तितकेच पाणी होते. हे छायाचित्र दाखवून मी काही सेकंद गप्प राहायचे ठरवले. ते काही सेकंद गप्प राहणे मला सगळ्या सादरीकरणात सर्वांत अवघड गेले.

भीतीबद्दलही सांगायला हवे, कारण ती गेली नाही आणि आजही गेलेली नाही. एका कार्यशाळेत आम्हाला सांगण्यात आले होते, की संवादात शब्दांचा वाटा केवळ सात टक्के असतो आणि बाकी सारे आवाज व देहबोली असते. माझ्यासारख्या घाबरलेल्या विद्यार्थिनीला हे ऐकून अधिकच धास्ती वाटली. नंतर शोध घेतल्यावर कळले, की हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले असून ते फक्त भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते आहेत, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केलेले आहे. शास्त्रीय सादरीकरणाला ते लावणे चुकीचे आहे, आणि विद्यार्थ्यांना ते तसे शिकवणे थांबायला हवे. मला खरा आधार मिळाला तो केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांच्या २००३ मधील संशोधनाचा. आपली घबराट समोरच्यांना जितकी दिसते आहे असे वक्त्याला वाटते, त्यापेक्षा ती बरीच कमी दिसते, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे ज्यांना ही गोष्ट भाषणापूर्वी सांगितली गेली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. मी मोबाइलवर माझे सादरीकरण चित्रित केले आणि हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहिले. छातीत धडधडत असल्याचे मला आठवत होते, पण चित्रणात दिसत होती ती थोडी घाईने बोलणारी एक मुलगी.

घाई मात्र खरी होती. चित्रणातील एका मिनिटातले शब्द मी मोजले तर ते एकशे सत्तरच्या पुढे गेले, आणि त्या एका मिनिटात मी ‘म्हणजे’ नऊ वेळा म्हटले होते. त्यानंतर मी रोज एकदा, उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून सराव करू लागले. मनातल्या मनात केलेला सराव नेहमीच कमी वेळेत संपतो, हे मला लवकर कळले. वाक्ये पाठ करणे मी पूर्ण सोडले. पाठ ठेवली ती फक्त पहिली दोन वाक्ये, शेवटचे वाक्य आणि एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना म्हणायचे जोडवाक्य. मधला भाग रोज थोड्या वेगळ्या शब्दांत येत असे, आणि त्यामुळेच एखादा शब्द निसटला तर दुसऱ्या शब्दाने पुढे जाता येऊ लागले. सरावाला बसलेल्या वर्गातील एका मुलाला माझ्या आलेखातील लाल आणि हिरवी रेघ वेगळी ओळखता येत नव्हती. त्याने सांगितले म्हणून मी एक रेघ तुटक केली आणि दोन्ही रेघांची नावे त्यांच्याच टोकाला लिहिली.

दुसऱ्या सत्राचा सेमिनार त्याच सभागृहात झाला. मी वीस मिनिटे आधी जाऊन स्लाइड उघडून पाहिल्या आणि शेवटच्या रांगेत बसून आलेखावरची अक्षरे वाचता येतात की नाही, ते तपासले. छायाचित्र पडद्यावर आल्यावर मी ठरवल्याप्रमाणे गप्प राहिले, आणि पुढच्या रांगेतले दोघे-तिघे पुढे झुकून उजवीकडची बशी पाहू लागले. पाचव्या स्लाइडवर मी एकदा अडखळले, थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि पुढे बोलू लागले. अकरा मिनिटे आणि काही सेकंदांत माझे बोलणे संपले.

मागच्या वेळी एकही प्रश्न आला नव्हता. या वेळी सर्वांत मागे बसलेल्या, मला अनोळखी असलेल्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीने हात वर केला. ती म्हणाली, “ताई, बी तहानलेले असेल, पण मेलेले नसेल, तर त्याला पुन्हा साध्या पाण्यात ठेवल्यावर ते उगवेल का?” हा प्रयोग मी केलेला नव्हता. आधीच्या सत्रात असे काही विचारले गेले असते तर मी काहीतरी लांबट उत्तर देऊन वेळ निभावली असती. या वेळी मी सांगितले, की हे मी करून पाहिलेले नाही, आणि ते करून पाहायला हवे.

त्या आठवड्यात लावलेल्या बशा प्रयोगशाळेतच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांत खाऱ्या बशीतल्या न उगवलेल्या बिया चिमट्याने उचलल्या, स्वच्छ पाण्याने धुतल्या, नव्या ओल्या कागदावर मांडल्या आणि त्या मुलीला निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी झाकण उघडले, तेव्हा त्यांतल्या काहींना मूळ फुटले होते.