लिंबाखालचा डबा

अमृत महोत्सवाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मी नगरच्या माळीवाडा एसटी स्टँडवर चहा घेत होतो. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सकाळी पाय तिकडंच वळतात. पत्रिकेवर शाळेचा फोटो बघितला आणि चहा तसाच राहिला. स्मरणिकेला ५०० शब्दांत मनोगत पाठवा असं लिहिलंय पण ते माझ्याच्यानं होणार नाही, कारण मला बाईंबद्दल लिहायचंय. बाई म्हणजे कोण हे आपल्या शाळेच्या जुन्या पोरांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांना आपण भूगोलाच्या बाई, शिवणाच्या बाई असं म्हणायचो, नुसतं बाई म्हटलं की त्या एकच. मराठीच्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि रोज भिंगारकडून चालत येणं.

शाळेत ख्रिस्ती शिक्षक त्या एकट्याच, आणि आमच्या वर्गात ख्रिस्ती पोरगा मी एकटा. नेवासा तालुक्यातलं आमचं गाव, वडील शेतमजूर, मला शिकायला नगरला आत्याकडं ठेवलेलं. पाचवीत आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत लिंबाखाली सगळे डबे उघडून बसले. पोरं 'वदनी कवळ घेता' म्हणायची, आमच्यातला एक मुसलमान दोस्त हळूच बिस्मिल्ला म्हणायचा, आणि मी घरच्या सवयीनं डोळे मिटून डोकं खाली घातलं. डोळे उघडले तर डब्यातली भाकरी गायब. एका पोरानं ती मागं लपवलेली आणि सगळे हसत होते. भाकरी मिळाली परत, पण जाता जाता तो म्हणाला की तुम्ही लोक तर दुधाच्या पावडरीसाठी बाटलेले, तुला भाकरी कशाला पाहिजे. हे वाक्य मला अजून पाठ आहे. त्याला तरी काय कळत होतं, घरी ऐकलेलं असणार. पण त्या दिवसापासून मी डोकं खाली घालायचं बंद केलं. डब्याचं फडकं सोडता सोडता मनातल्या मनात दोन शब्द म्हणून टाकायचो, कुणाला कळायचं नाही.

दोन वर्षं असंच चाललं. मग आला १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो बघितलाय त्यांना काय सांगायचं. घरोघरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची, म्हणजे तिकडच्या ज्वारीची भाकरी, गावाकडं वडील आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला, तिथं मिळणारी सुकडी आई पुडीत बांधून माझ्यासाठी पाठवायची. शाळेत ऑफिसच्या बाहेर रांजण होता, त्यातलं पाणी शिपाई मामा ओगराळ्यानं मोजून द्यायचे, एका पोराला एक ग्लास, बस.

मी तेव्हा सातवी ब मध्ये. एक दिवस बाईंची सुट्टीतली ड्युटी होती. त्या लिंबाजवळून जाताना थांबल्या, माझ्याकडं बघितलं, आणि शाळा सुटल्यावर मला बोलावलं. म्हणाल्या, तू जेवणाआधी प्रार्थना करत नाहीस का रे? मी हुशारी केली. आत्या रोज रात्री शास्त्र वाचायची त्यामुळं मला पाठ होतं, मी म्हटलं बाई, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूनं सांगितलंय की प्रार्थना करताना खोलीत जा आणि दार लावून घे, लोकांना दाखवायला करू नको. मला वाटलं बाई गप्प होतील.

बाई हसल्या. म्हणाल्या, बरोबर आहे. आणि पाचव्या अध्यायात काय आहे? दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, तुमचा उजेड लोकांपुढं पडू दे, तेही त्यानंच सांगितलंय ना? दोन्ही एकाच डोंगरावरच्या प्रवचनात आहे. मग जरा थांबून म्हणाल्या, तू दार लावलंस ते देवासाठी लावलंस का त्या पोरासाठी?

मला उत्तर देता आलं नाही. भाकरीची गोष्ट मी त्यांना कधी सांगितलेली नव्हती, त्यांना ती कुठून कळली हे मला आजवर माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत बाई स्टाफरूममध्ये न बसता आपला डबा घेऊन लिंबाखाली आल्या. तिथल्या दगडावर बसल्या. पोरं एकदम गप्प. बाई म्हणाल्या, थांबलात का, म्हणा की तुमचं. पोरांनी 'वदनी कवळ' म्हटलं, बाई हात जोडून पूर्ण होईपर्यंत थांबल्या, दोस्ताचं बिस्मिल्ला झालं, मग बाईंनी डोकं खाली घातलं. मी पण घातलं. कुणी हसलं नाही. बाईंच्या डब्यात पण मिलोचीच भाकरी होती, आणि लाल तिखट. आठवडाभर त्या रोज आल्या. भाकरी लपवणाऱ्या पोराला त्या एका शब्दानं काही बोलल्या नाहीत, उलट त्याच्या शेजारीच बसायच्या आणि त्याच्या घरच्या म्हशीची चौकशी करायच्या, चाऱ्याविना म्हैस विकावी लागली होती त्यांना.

पण खरी गोष्ट पुढं आहे. आठवड्याच्या शेवटी शनिवारी सकाळची शाळा, ऊन तापलेलं, मी रांगेत एकदा पाणी प्यालो आणि परत मागं जाऊन उभा राहिलो. मामांच्या लक्षात आलं नाही. दुसरा ग्लास तोंडाला लावला तेवढ्यात मागून तोच पोरगा मोठ्यानं ओरडला, बघा बघा, प्रार्थनावाला दोनदा पाणी पितोय! सगळी रांग बघायला लागली. बाई तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं त्या माझी बाजू घेतील, आठवडाभर माझ्यासाठीच तर येत होत्या. बाई एवढंच म्हणाल्या, बरोबर बोलला तो.

मी रडकुंडीला आलो. वर्गात जाताना त्यांनी मला थांबवलं आणि सांगितलं की अरे, सगळ्यांसमोर डोकं खाली घातलंस ना, मग काम तिथून सुरू झालं. आता लोक दिवसभर तुझ्याकडं बघणार, बघू दे, त्यांचा हक्क आहे तो. त्या दिवशी रांगेत शेवटी दोन पोरं राहिली तेव्हा रांजण संपलेला होता. बाईंनी आपला ग्लास त्यांना अर्धा अर्धा वाटून दिला आणि रिकामा ग्लास खिडकीत पालथा ठेवला. दुपारच्या उन्हात त्या भिंगारला चालत गेल्या ते तसंच, कोरड्या घशानं. हे मी बघितलं. सोमवारी मी माझा ग्लास घेतला नाही, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

बाईंनी वर्गात कधी धर्माचा प्रचार केला असं कुणी म्हणू शकणार नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची जखमी पक्षिणीची कविता शिकवताना फक्त एवढं सांगितलं होतं की हे कवी आपल्या नगरात राहिले होते, आणि शिकवता शिकवता स्वतःच थांबल्या, पुढची ओळ वाचायला त्यांना वेळ लागला. सावित्रीबाई फुले नगरला मिस फरार यांच्याकडं शिकायला आल्या होत्या हे पण मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. बाकी जे होतं ते बघूनच कळायचं. त्यांना यायला उशीर झाला तर मस्टरवर त्या खरी वेळ लिहायच्या. दहा चाळीसला आल्या तर दहा चाळीस. हेडमास्तर सर स्वतः म्हणायचे, बाई लिहा हो साडेदहा, कोण बघतंय, तर बाई म्हणायच्या, पोरांना मी खाडाखोड करू नका सांगते सर. रजा कापली गेली त्यांची त्यापायी. नाताळाला करंज्यांचा पहिला डबा शिपाई मामांच्या घरी जायचा, मग स्टाफरूममध्ये. रविवारी चर्च झालं की दुपारी बूथ हॉस्पिटलात जाऊन ज्या पेशंटना लिहिता येत नाही त्यांची आंतरदेशीय पत्रं लिहून द्यायच्या, हे आत्याकडून कळलं, त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. बाकी शिक्षकांचे पण माझ्यावर उपकार आहेत, गणिताच्या सरांनी तर छड्या मारून का होईना मला पास केलं, पण मला बोलता येतं ते बाईंबद्दलच.

१९८३ ला मी एसटीत कंडक्टर लागलो. १ जून १९४८ ला पहिली एसटी आपल्या नगरहून पुण्याला सुटली, त्याच नगरात मी खाकी घातली याचा मला अभिमान होता आणि आहे. पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो, जी मी घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही. मढीच्या यात्रेचे दिवस, नगर पाथर्डी गाडी, पाय ठेवायला जागा नाही. एका म्हाताऱ्या आजींनी दहाची नोट दिली, सुट्टे नव्हते म्हणून तिकिटाच्या मागं सात रुपये साठ पैसे बाकी लिहून दिले, उतरताना घ्या म्हटलं. करंजी घाट उतरून गाडी तिसगावजवळ थांबली, गर्दी उतरली, आजी पण उतरल्या, त्यांना वाचता येत नसणार आणि विसरल्या पण असतील. मी दारात उभा होतो. मला आठवत होतं. मी बेल मारली.

पाथर्डी स्टँडवर ड्रायव्हर मामा आणि मी डबा घेऊन बसलो. मामा माळकरी, विठ्ठलाचं नाव घेऊन मग माझ्यासाठी थांबायचे, झाली का तुमची प्रार्थना, चला जेवू, असं रोजचं. त्या दिवशी मी डोकं खाली घातलं आणि मला ते वर करता येईना. लिंबाखालचा तो पोरगा कानात ओरडत होता, प्रार्थनावाला बघा. मामांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, येताना तिसगावला गाडी जरा जास्त थांबवली, मी खाली उतरून सगळीकडं बघितलं, यात्रेच्या गर्दीत कुठं सापडणार. रात्री डेपोत कॅश भरताना जादा रक्कम म्हणून ते पैसे वेगळे दाखवून भरले. मन हलकं झालं आणि मोठ्या हौसेनं बाईंना पत्र टाकलं की बाई, असं असं झालं, पण मी पैसे ठेवले नाहीत.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. बाईंचं ते वळणदार अक्षर. पैसे भरलेस ते चांगलं केलंस, असं वर. आणि खाली एकच ओळ, त्या आजींकडं परतीच्या तिकिटाला पैसे असतील का रे?

मी ते कार्ड हातात घेऊन किती वेळ बसलो होतो मला आठवत नाही. मी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं, आजींचा विचार मी केलाच नव्हता.

त्यानंतर ३५ वर्षांची नोकरी झाली, आधी कंडक्टर, मग वाहतूक नियंत्रक. जोवर गाडीवर होतो तोवर प्रत्येक थांब्याच्या आधी मी आत फिरून मोठ्यानं विचारायचो, कुणाचे सुट्टे राहिलेत का, तिकिटाच्या मागं बघा, वाचता येत नसेल तर मला दाखवा. नवीन कंडक्टर पोरांना वाटायचं काय हे, पण नंतर त्यातले काही तसंच करायला लागले. २०१८ ला रिटायर झालो तेव्हा पाथर्डी रूटवरचे काही पॅसेंजर नारळ घेऊन आले होते. एकाही पॅसेंजरची लेखी तक्रार नाही, हे मी अभिमानानं लिहितो, कारण ते बाईंचं आहे. मुलगी नर्स आहे, पुण्यात. ड्युटीवर डबा उघडला की तीही डोकं खाली घालते. कोरोनात वॉर्डात दमून बसायची तेव्हा एका पेशंटच्या नातेवाइकानं तिला विचारलं की ताई तुम्ही झोपलात का, ती म्हणाली नाही, तुमच्या वडलांचं नाव घेत होते. हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी बाईंना फोन करायला उठलो होतो, मग आठवलं की बाई जाऊन किती वर्षं झाली.

आता सकाळी उठलं की मोबाईलवर वचनांचे मेसेज येतात, पन्नास पन्नास, फुलांच्या फोटोवर. मी पण पाठवतो. गाडीच्या काचेवर क्रूस, स्टेटसला क्रूस. त्यात वाईट काही नाही, पण मला वाटतं मिलोच्या दिवसांत बाईंच्या हातात यातलं काहीच नव्हतं, एक डबा होता, एक मस्टर होतं आणि एक ग्लास होता, आणि त्यावरून अख्ख्या शाळेला कळत होतं त्या कुणाच्या आहेत ते.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. बिल्डिंग झकास झालीय, वॉटर कूलर आलाय, आपल्या गावाचं नाव पण आता अहिल्यानगर झालंय. लिंब मात्र नाही. तिथं पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावतात. पोरं वर्गातच बाकावर बसून डबा खातात, पंधरा मिनिटांत उरकतात. बाई बसायच्या तो दगड कंपाउंडच्या भिंतीला लावून ठेवलेला दिसला, मी त्यावर जरा वेळ बसलो, वॉचमनदादांनी विचारलं काका कुणाला भेटायचंय.

तर माझ्या बॅचला एक विनंती आहे. कार्यक्रमाच्या दिवशी केटररचं जेवण आहे असं पत्रिकेत लिहिलंय, पण आपल्या सातवी ब च्या पोरांनी घरून डबा आणा. त्या दगडापाशी सतरंजी टाकू. तुम्ही तुमचं 'वदनी कवळ' म्हणा, आमच्या दोस्ताचं बिस्मिल्ला होऊ दे, तो सोलापूरहून येतोय, फोन झाला माझा. ज्यानं भाकरी लपवली होती तो पण येणार आहे, त्याला मी माझ्याशेजारी बसवणार आहे. मग मी डोकं खाली घालीन. तेवढं थांबा सगळे.