करवंटीतला साबण

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात शिरलं की आधी मोरी लागायची, मग सोपा. मोरीच्या कठड्यावर नारळाची करवंटी आणि तिच्यात लाल साबण. करवंटीच्या डोळ्याला भोक पाडलेलं, म्हणजे पाणी निथळून जायचं आणि साबण लिबलिबीत होत नसे. झिजून पापडासारखी झालेली वडी आजी टाकून द्यायची नाही. नव्या वडीच्या पाठीवर ती ओली करून दाबून बसवायची. आम्ही पोरं खासबागेकडनं धुळीनं माखून आलो की आतून हाक यायची, "टाचा भिजल्या काय रं? कोरड्या ऱ्हायल्या तर साडेसाती लागंल!"

नळराजाचे पाय नीट धुतले गेले नाहीत आणि कली त्याच्या अंगात शिरला, अशी मूळ कथा. आजीनं ती परस्पर शनीच्या खात्यावर टाकली होती. सर्दी-पडसं काही टाचेतनं शिरत नाही, ते हातावरनं नाकाडोळ्यांत जातं, हे मला फार पुढं कळलं. पण टाच घासायची तर हातात साबण घ्यावाच लागतो. साडेसाती टळली की नाही कोण जाणे, हात मात्र दिवसातनं चार वेळा फुकटात धुतले जायचे.

इम्युनिटी हा शब्द तिच्या कानावर कधी पडला नाही. आमच्या घरी तो आला 2020 साली, आणि आला तो थेट स्वयंपाकघरात घुसला. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका. आयुष मंत्रालयानं हा काढा दिवसातनं एकदोनदा घ्या म्हणून सांगितलं होतं. एकदोनदा म्हणजे कोल्हापुरात किती, हे काय सांगायला पाहिजे? मी चार वेळा प्यायलो, तेही मिरी सढळ हातानं घालून. चौथ्या दिवशी तोंड आलं. पुढचा आठवडा मी दहीभात खात, गप्प बसून काढला. गप्प बसलो याचं घरच्यांना फार कौतुक वाटलं.

खरं म्हणजे इम्युनिटी, म्हणजे ही प्रतिकारशक्ती, नुसती वाढवत न्यायची चीजच नव्हे. ती चेकाळली की परागकणावरही धावून जाते आणि माणूस शिंकून बेजार होतो. कधी स्वतःच्याच सांध्यांवर उठते. पैलवान नुसता दांडगा असून भागत नाही, कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं हे त्याला कळावं लागतं. लस म्हणजे तरी काय, समोरच्याचा डाव वस्तादानं कुस्तीआधीच दाखवून ठेवलेला.

पांढऱ्या रश्शाबद्दल मात्र मी जपून बोलतो, याच गावात राहायचं आहे. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, मिरी; वाटी तोंडाला लावली की चोंदलेलं नाक मोकळं होतं, हे शंभर टक्के खरं. त्यानं विषाणू मरतो, असं माझा एक मित्र तिसऱ्या वाटीपासून पुढं म्हणायला लागतो. मरत नाही. पण गरम वाफाळतं काही पोटात गेल्यावर बरं वाटतं, आणि आजारी माणसाला बरं वाटणं ही काय लहान गोष्ट आहे? गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध ही आणखी एक नाजूक जागा. डॉक्टर म्हणतात, उकळून प्या. मी उकळून पितो आणि ते कुणाला सांगत नाही.

साबणाला असं कौतुक कधी वाट्याला आलं नाही. वास्तविक करोना, फ्लू यांसारख्या विषाणूंच्या अंगावर चरबीचं पातळ वेष्टन असतं. साबण ते फोडतो आणि विषाणू तिथंच निकामी होतो. त्याला फक्त वीसेक सेकंद द्यावे लागतात.

दुसरी अशीच फुकटची गोष्ट म्हणजे झोप. तालमीतली पोरं पहाटे उठून मेहनत करतात, ते आपल्याला दिसतं. त्यासाठी रात्री नऊलाच आडवी झालेली असतात, ते दिसत नाही. अमेरिकेत एका अभ्यासात 164 निरोगी माणसांची आठवडाभर झोप मोजली आणि मग त्यांच्या नाकात मुद्दाम सर्दीचे विषाणू सोडले. 2015 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या मानानं, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपट निघाली. हे मी रात्री पावणेएक वाजता, अंथरुणात पडून मोबाईलवर वाचलं.

आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. दार उघडलं की सोफा. बेसिन पार आत, फ्रीजच्या पलीकडं. तिथपर्यंत पोचेस्तोवर माणसानं चार वस्तूंना हात लावलेला असतो. दाराबाहेर एक नळ काढू या, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुचवून पाहिलं. पुढचा विषय पार्किंगचा होता.

काल लेक रंकाळ्यावरनं भेळ खाऊन आली आणि तशीच सोफ्यावर टेकणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "टाचा भिजवल्यास?"

"टाचांनी काय होतं, बाबा?"

"साडेसाती."

ती हसत आत गेली. नळ सुटला, लगेच बंद झाला. मी मनात पाचपर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो.

"साबण?" मी बाहेरनं ओरडलो. नळ पुन्हा सुटला.