मोगऱ्याच्या साबणाचा रंग

आमची ग्राहक असलेल्या साबण कंपनीने दोन वड्या पाठवल्या होत्या. एक कारखान्यातून नुकतीच निघालेली, पांढरीशुभ्र. दुसरी त्याच बॅचची, पण दुकानाच्या काचेमागे उजेडात राहिलेली आणि चहा सांडल्यासारखी तपकिरी. सोबत निरोप होता: मोगऱ्याचा साबण पांढराच हवा, परफ्यूम बदला.

साबणांच्या परफ्यूमवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना पहिला संशय आला तो इंडोलचा. त्याच्या स्फटिकांची बाटली उघडली की डांबरगोळी आणि कुजकेपणा एकत्र नाकात शिरतो, नवीन मुलं तर तोंड फिरवतात. पण हे द्रव्य खऱ्या मोगऱ्यात असतं. संध्याकाळी खुडलेली कळी रात्री उमलते तेव्हा जो जड, अंगावर येणारा गोडवा सुटतो, त्यात इंडोलचा मोठा वाटा. हवा आणि उजेड लागला की मात्र ते रंग धरतं. त्यात साबण अल्कधर्मी, पीएच ९ ते १०, म्हणून ते आणखी बिघडतं. मोगऱ्यातलंच आणखी एक द्रव्य, मिथाइल अँथ्रानिलेट, परफ्यूममधल्या अल्डिहाइड गटाच्या द्रव्यांशी जुळून पिवळं पडतं, ते वेगळंच.

दोन्ही काढून नवा साबण पाडला. ओव्हनमध्ये ठेवला, खिडकीत ठेवला, पांढरा राहिला. मोगऱ्याच्या वासातली बेन्झिल ॲसिटेट आणि लिनॅलूल ही गोड द्रव्यं होतीच, त्यामुळे वास गोड होता, स्वच्छ होता आणि पार निर्जीव होता. मग पॅरा-क्रेसिल मिथाइल ईथर नावाचं द्रव्य अगदी किंचित घातलं. त्याला तबेल्याची छटा असते आणि ते साबणात टिकतं. थोडी जान आली, पण मोगरा आला नाही. मला हे फार लागलं. ज्या फुलाचा गजरा आपण डोक्यात माळतो, त्याचं नाव अशा वडीवर छापायचं?

बैठकीच्या सकाळी आमचे मुख्य परफ्यूमर दादरच्या फुलबाजारातून गजरा घेऊन आले. ग्राहकाकडच्या बाईंना त्यांनी काहीच समजावलं नाही. "मॅडम, एक हात या साबणाने धुवा, दुसरा त्या साबणाने." वड्यांवर फक्त आकडे होते आणि दोन्ही ताज्या, म्हणून पांढऱ्याच. बाईंनी दोन्ही ओले हात हुंगले, गजरा हुंगला, पुन्हा डावा हात हुंगला. म्हणाल्या, "हा. दुसऱ्या हाताला नुसता साबणाचा वास येतोय."

डाव्या हाताला इंडोल होतं.

पुढची चर्चा वासाची राहिलीच नाही. साबणाला सुरुवातीपासूनच सायीचा रंग द्यायचा, पारदर्शक वेष्टनाऐवजी पुठ्ठ्याचं खोकं घ्यायचं, एवढ्यावर मिटलं. फॉर्म्युल्यातलं इंडोल आम्ही जराही कमी केलं नाही.